मनाची जखम आणि नवे यंत्र



या व्याख्यानासाठी आम्हांला बोलावणे आले तेव्हा आम्ही चालकांना विचारले, "मनाच्या आजारावर बोलायला डॉक्टर सोडून युनियनवाला कशाला?" ते म्हणाले, "डॉक्टर औषधाचे सांगतील, तुम्ही माणसाचे सांगा." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून उभे राहिलो आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये, कारखान्यांच्या द्वारसभांत आणि रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. तेव्हा आम्ही सांगू त्यात पांडित्य सापडणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना नवे विचार कळावेत म्हणून. त्या रिवाजाप्रमाणे आज एका नव्या उपचाराची गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. तिची सुरुवात मात्र आमच्याच एका चुकीपासून करावी लागेल.

सात-आठ वर्षांपूर्वीची हकिकत आहे. आपल्या या पट्ट्यातल्या एका कारखान्यात परभणीकडचा एक तरुण ठेकेदाराच्या हाताखाली पॉवर प्रेसवर होता. रात्रपाळीत प्रेस खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. आम्ही धावलो. भरपाईसाठी भांडलो, चकरा मारल्या, कागद गोळा केले आणि अखेर पैसे मिळवून दिले. द्वारसभेत त्याच्या हाती धनादेश दिला तेव्हा टाळ्या पडल्या, फोटो निघाला. आम्ही मनात म्हटले, काम फत्ते झाले.

हात बरा झाल्यावर तो कामावर परतला. प्रेसवर नव्हे, त्याच शेडमध्ये पॅकिंगला. पण प्रेसचा दणका ऐकला की त्याला दरदरून घाम फुटे. पुढे पुढे तो कंपनीच्या बसमधून आधीच्याच थांब्यावर उतरू लागला आणि दिवसभर इंद्रायणीच्या पुलाशी बसून संध्याकाळी घरी जाऊ लागला. जेवण तुटले, झोप तुटली, लेकराशी बोलणे तुटले. सुपरवायझर म्हणे, "कामचोर आहे." एके दिवशी त्याची बायको आमच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "भाऊ, पैसे मिळाले, पण माणूस परत मिळाला नाही."

आणि आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "ताई, चार दिवसांत विसरेल. त्याला म्हणावे, मन घट्ट कर." बंधूंनो, तीस वर्षे चळवळीत काढलेल्या माणसाचे हे उत्तर! मोडलेल्या हाताला आम्ही कधी म्हटले नसते की, हाडा, घट्ट हो. महिन्याभरात ते कुटुंब खोली सोडून गावी गेले. भरपाईच्या प्रकरणावर आम्ही 'यशस्वी' असा शेरा मारून फाइल कपाटात ठेवून दिली होती.

हा दोष एकट्या आमचा नाही, तो आपल्या मोजमापातच आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने बोटांचा भाव ठरवून दिला. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची ताकद शंभरात २० ने घटली, तीन गेली तर ३० ने, चार गेली तर ५० ने. अंगठ्याचे एकट्याचे ३०. कामगारांच्या दृष्टीने तो कायदा मोठा होता. त्याच्यापूर्वी बोटाला काहीच किंमत नव्हती. पण त्या यादीत मनाचा रकाना नव्हता. कायद्यात रकाना नाही म्हणून आमच्या अर्जात नाही, आणि अर्जात नाही म्हणून आमच्या डोक्यातही नाही, असे झाले. आणि समाजाचे म्हणाल तर कोणी जरा वेगळे बोलला की 'याला येरवड्याला न्या' म्हणून आपण हसतो. ज्या दाराचे नाव थट्टेत घेतले जाते, त्या दाराशी औषध मागायला कोण जाईल?

आता यंत्राकडे येतो. आपल्या मोशीच्या प्रदर्शनाच्या मैदानावर यंत्रसामग्रीचे एक प्रदर्शन भरले होते. तेथे एका मांडवात सुरक्षेचे प्रशिक्षण देणारा एक चष्मा होता. चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायची पेटीच ती. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, आपण आभासी जग म्हणू. आम्ही पेटी चढवली आणि क्षणात उंच मचाणावर उभे! खाली पाहिले तर चार मजले खोल. आपण मोशीच्या सपाट जमिनीवर उभे आहोत हे डोक्याला पक्के ठाऊक होते, पण पाय लटपटायचे ते लटपटलेच. बाहेर आलो तेव्हा पहिली आठवण झाली त्या पोराची. 'तुला काही होत नाही, घाबरू नकोस' असे आम्ही त्याला किती वेळा म्हणालो होतो. त्याच्या बुद्धीला ते कळतच होते, ऐकत नव्हते ते अंग. हे आम्हांला आमच्याच पायांनी त्या दिवशी शिकवले.

या पेटीत जादू काही नाही. जत्रेत पूर्वी बायस्कोपची पेटी येई. भोकाला डोळा लावला की आत दिल्ली-मुंबई दिसे. ही तिचीच नात म्हणा. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या जागेवरून पाहतात आणि मेंदू त्या दोन चित्रांतून खोली ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ सालीच ही गोष्ट आरशांच्या एका उपकरणाने दाखवली होती. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्याला लावायचे असे यंत्र केले. ते इतके जड होते की छताला टांगून ठेवावे लागे. आता तेच मुठीएवढे झाले आहे. फरक एवढाच की जत्रेच्या पेटीत चित्र आपले ठरलेले सरके, आणि येथे मान वळवाल तसे चित्र वळते. म्हणून मन फसते. कोणाकोणाला त्याने मळमळतेही.

मन फसते, हे खरे. पण फसवून बरे कसे करणार? येथे आम्ही आपल्याला विहिरीची आठवण देतो. आमच्या पिढीतली पोरे पोहायला कशी शिकली? पाठीला सुकलेला भोपळा बांधून. बापाने किंवा चुलत्याने विहिरीत सोडले, पाणी नाकातोंडात गेले, भोपळ्याने वर आणले. दुसऱ्या दिवशी भीती थोडी कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. भीतीचा स्वभावच असा आहे की तिच्यापासून पळाले की ती वाढते आणि जपून, थोडे थोडे करत तिच्यासमोर थांबले की ती ओसरते. मानसोपचारात हा मार्ग पुष्कळ जुना आहे. अडचण एवढीच की उंचीला भिणाऱ्याला रोज कड्यावर नेणे किंवा लढाईतून आलेल्याला पुन्हा लढाईत नेणे शक्य नसते. पेटीने ती सोय केली. भोपळ्याचे काम पेटी करते.

अमेरिकेत अटलांटा येथे बार्बरा रॉथबॉम या मानसशास्त्रज्ञ आणि लॅरी हॉजेस हे संगणकतज्ज्ञ यांनी उंचीला भिणाऱ्या विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. खोटे पूल, खोटे सज्जे, खोटी लिफ्ट. भीती मात्र खरी उतरली. पुढे त्याच मंडळींनी व्हिएतनामच्या लढाईतून मन पोळून आलेल्या सैनिकांसाठी आभासी हेलिकॉप्टर आणि जंगल तयार केले. इंग्लंडात ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली उंचीच्या भीतीवर शंभर लोकांची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना पेटीचा उपचार, निम्म्यांना नाही. ज्यांना मिळाला त्यांची भीती सरासरीने दोनतृतीयांशांनी उतरली. २०२२ साली त्याहून कठीण काम त्यांनी पुढे आणले. मनाचा गंभीर आजार असलेले आणि घराबाहेर पडायलाच धजत नसलेले ३४६ रुग्ण त्यांनी चाचणीत घेतले. पेटीत दाखवले काय? साधी बस, दुकान, रस्ता, दवाखान्याची बाकडी. आपल्याला यात काय विशेष वाटेल? पण बसमध्ये चढणे हाच ज्याचा हिमालय, त्याला तो एकेक पायरीने चढवला. ज्यांचा त्रास सर्वांत अधिक, त्यांना लाभही सर्वांत अधिक झाला. आणि हे लक्षात घ्या की पेटी लावलेल्या माणसाशेजारी त्या खोलीत दुसरा माणूस बसलेला होता.

ही झाली भीतीची बाजू. पण आमच्या त्या पोराची भीती पुढे दुसऱ्याच वाटेने गेली. ती औदासीन्यात मुरली. डॉक्टर ज्याला नैराश्याचा आजार म्हणतात तो हा. साधे दुःख निराळे. दुःखात माणूस रडतो, चार माणसांत बसतो, सावकाश सावरतो. या आजारात रडणेही आटते. काही करावेसे वाटत नाही म्हणून माणूस करत नाही. करत नाही म्हणून काही गोड लागत नाही. गोड लागत नाही म्हणून आणखी करावेसे वाटत नाही. घाण्याच्या बैलासारखी ही फेरी आहे. तिच्यावर पेटीचा उपाय चालतो का?

लंडनमध्ये याचा एक लहान प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याचे पंधरा रुग्ण होते. ही माणसे स्वतःला सतत दोष देणारी. दुसऱ्याला क्षमा करतील, पण स्वतःला नाही. पेटी चढवली की समोर एक लहान मूल रडताना दिसे. रुग्णाने त्याची समजूत काढायची, प्रेमाने चार शब्द बोलायचे. ते ऐकून मूल हळूहळू शांत होई. मग पेटीतली जागा बदलायची. आता रुग्ण त्या मुलाच्या ठिकाणी, आणि समोर मघाचा मोठा माणूस, म्हणजे तो स्वतःच. त्याचेच शब्द, त्याचाच आवाज त्याला समजावतो आहे! तीन वेळा हे केले. महिन्याने पाहिले तर पंधरांपैकी नऊ जणांचा त्रास कमी झाला होता आणि त्यांतल्या चौघांचा लक्षात येण्याइतका. आम्ही हे वाचले त्या रात्री बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. त्या पोराला कोणी मायेने असे बोलायला हवे होते, आणि बोलणारे पहिले आम्ही असायला हवे होतो.

परंतु येथे आम्हांला प्रामाणिक राहिले पाहिजे. पंधरा माणसे म्हणजे पुरावा नव्हे, ती आशा आहे. तुलनेसाठी दुसरा गटही त्या प्रयोगात नव्हता. भीतीच्या बाबतीत या यंत्राची बाजू भक्कम आहे, नैराश्याच्या बाबतीत ती अजून कोवळी आहे. उद्या कोणी पेटी विकायला येईल आणि म्हणेल, 'वीस मिनिटे लावा, उदासी घालवा', तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मग भक्कम उपाय कोणता? तो सातासमुद्रापलीकडे शोधावा लागत नाही, आपल्या शेजारी गोव्यात सापडतो. तेथे 'संगाथ' नावाच्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. ती २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. गावातलीच साधी माणसे, शिकवून तयार केलेली. सहा ते आठ बैठका. बैठकीत काय? तीच घाण्याची फेरी उलटी फिरवायची. आज अंगणात दोन फेऱ्या, उद्या बाजारापर्यंत, परवा बहिणीला भेटायला; करावेसे वाटण्याची वाट न पाहता थोडे करायचे आणि काय झाले ते पुढच्या बैठकीत सांगायचे. तीन महिन्यांनी पाहिले तर या बैठका मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण आजारातून बाहेर आले होते. नुसती नेहमीची काळजी मिळालेल्यांत ३९. तसेच आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. आधी तेथे नैराश्याच्या शंभर रुग्णांत चार-पाचच उपचारापर्यंत पोहोचत. दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन विचारले, एवढेच मुख्य भांडवल.

या आकड्यांमागे मोठी गरज आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले की नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ तर आपल्या देशात लाख वस्तीमागे एकही पुरता येत नाही. तेव्हा पेटी की माणूस, असा वाद घालण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पेटीचा उपयोग जरूर करावा. चांगल्या मोबाइलच्या किमतीत ती मिळते, आणि प्रेसच्या आवाजाने थरथरणाऱ्या कामगाराला दवाखान्याच्या शांत खोलीत प्रथम दूरची प्रेस, मग जवळची, मग चालती, अशी शेजारी बसून दाखवता आली तर आम्हांला ती हवीच आहे. पण ती येण्यापूर्वी युनियनवाल्याच्या सवयीने काही अटी मांडतो.

पहिली अट ही की आधी प्रेस बघा, मग माणूस. भीती नेहमीच आजार नसते. प्रेसचे गार्ड काढून ठेवले आहे, सेन्सर बंद करून ठेवला आहे, उत्पादनाचा आकडा फळ्यावर लिहिला आहे आणि कामगाराचा हात कापतो, तर त्या हाताला अक्कल आहे असे समजावे. ती भीती पेटीने घालवणे हा उपचार नव्हे; विहिरीत पाणी नसताना पोराला उडी मारायला शिकवण्यासारखे ते आहे. बरा झालेला माणूस ज्या जागी परत जायचा, ती जागा आधी परतण्यालायक पाहिजे.

दुसरी अट गुप्ततेची. त्या पेटीत माणूस कशाला घाबरला, कधी मान फिरवली, किती वेळ थांबला, सारे टिपता येते. हे टिपण डॉक्टरापाशी राहावे, मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या टेबलावर जाता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याने असेही सांगितले आहे की विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजाराचाही विमा दिला पाहिजे. हे हक्क किती जणांना ठाऊक आहेत? द्वारसभेत बोनसबरोबर हेही बोलले गेले पाहिजे.

तिसरी अट वेळेची. उपचाराच्या बैठका पाळीच्या वेळेत आल्या आणि पगार कापला गेला, तर कामगार दुसऱ्या बैठकीला येणार नाही. पायाला प्लास्टर घातलेल्याला आपण रजा देतो; या जखमेलाही ती मिळावी. ठेकेदाराकडच्या कामगाराला तर आधी, कारण प्रेसपुढे तोच अधिक उभा असतो.

आणि शेवटची अट आमच्या स्वतःवरच आहे. भोपळा बांधून विहिरीत सोडणारा बाप काठावर उभा असे. त्याचा आवाज ऐकू येई, म्हणून पोर हातपाय मारी. तो काठावरचा माणूस आपण व्हायचे आहे. त्या पोराच्या प्रकरणानंतर आमच्या कचेरीत आम्ही एक साधी पद्धत सुरू केली. अपघाताच्या प्रत्येक फाइलमध्ये एक कागद वाढवला. महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी आमचा एक कार्यकर्ता त्या घरी जातो आणि विचारतो : झोप येते का, जेवण जाते का, कामावरचा कोणता आवाज नको वाटतो? उपदेश करायचा नाही, ऐकायचे. 'मन घट्ट कर' हे शब्द वापरायला आम्ही कार्यकर्त्यांना बंदी केली आहे. बंदी प्रथम आम्हांला स्वतःला लागू आहे. त्रास जास्त दिसला तर डॉक्टरांकडे सोबत जायचे, नुसती चिठ्ठी द्यायची नाही. रात्री-अपरात्रीसाठी सरकारची टेलिमानस ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६, तो आम्ही कचेरीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आपणही आपल्या सोसायटीच्या फलकावर, पिठाच्या गिरणीवर, तालमीत तो लिहावा.

त्या तरुणाचे काय झाले, हे आपण विचाराल. तीन वर्षांनी आम्ही त्याच्या गावी गेलो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्याने औषधोपचार घेतला होता. बायकोने नेले, आम्ही नव्हे. आता त्याचे छोटे किराणा दुकान आहे. लेकरू गल्ल्यावर बसून हिशेब करीत होते. तो हसला, चहा दिला, डाव्या हाताने. आम्ही म्हणालो, "बाळा, आम्ही चुकलो." तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही पैशासाठी भांडला नसता तर दुकान झालं नसतं." असे म्हणून त्याने आमची लाज राखली. एवढ्यात शेजारच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि तो बोलता बोलता उठून मागच्या दाराने बाहेर गेला. गिरणी बंद होईपर्यंत आम्ही दुकानात त्याच्या बायकोशी बोलत बसलो.

त्या पाच-दहा मिनिटांसाठी कोणत्याही कायद्यात रकाना नव्हता. तो रकाना मिळवणे हे आमच्या चळवळीचे उरलेले काम आहे. आणि तो मिळेपर्यंत, आपल्या आळीत, आपल्या पाळीत असा कोणी बोलता बोलता उठून गेला, तर त्याच्या पाठीमागे जाऊन शेजारी बसणे हे आपणा सर्वांचे काम आहे. उद्या सकाळी कामाला जाताना आपल्या बसमध्ये कोणाची जागा दोन-चार दिवस रिकामी दिसते का, एवढे जरी आपण पाहिलेत तरी आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.